पदवीला ताजी वात

आमच्या घरात विद्यापीठ पोत्यातून यायचं. तेरखेड्यात तेव्हाही फटाक्यांचीच कामं चालत, आणि फटाका म्हणजे मुळात कागदाची गुंडाळी. पोटात चिमूटभर दारू आणि अंगावर हातभर कागद. हा कागद आम्ही रद्दीतून घ्यायचो. उस्मानाबादकडून, बार्शीकडून पोती यायची. त्यात वर्तमानपत्रं असत, जुन्या वह्या असत, गाइडं असत, आणि सगळ्यात उंची माल म्हणजे तपासून झालेल्या उत्तरपत्रिका. त्यांचा कागद जाड आणि चिवट. पोतं ओसरीवर ओतलं की आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या उत्तरपत्रिका मोठ्या फटाक्यांसाठी वेगळ्या काढायला लावायचे. मी लहानपणी बारकाईनं लक्ष ठेवून असायचो, पण परीक्षकानं लाल शाईत भरभरून गुण दिलेल्या पानाचा आवाज मोठा येतो आणि भोपळा मिळालेल्या पानाचा बारका येतो, असं कधी आढळलं नाही. दोन्ही सारखेच वाजत. त्यापुढचं माझं सगळं शिक्षण या निरीक्षणाला छेद देण्यासाठी झालं आणि ते काम त्याला नीटसं जमलं नाही.

वाचायलाही मी त्या पोत्यांतच शिकलो. अकबराचं धार्मिक धोरण सुरू व्हायचं आणि ऐन रंगात पान फाटलेलं असायचं. त्याखाली हाताला लागायचं ते गाभण म्हशीची निगा. तिचं चौथं पोट साफ होतंय न होतंय तोच कुणीतरी कुणाला तरी मोडक्या अक्षरात ‘राज्यसंस्थेची व्याख्या’ सांगू लागायचं. मला बरीच वर्षं वाटायचं, ज्ञान हे असंच असतं, मधूनच सुरू होणारं आणि कडेला फाटलेलं. पुढं बी.ए. झालो तेव्हा कळलं की हा समज फारसा चुकीचा नव्हता.

कागदाचं काम घरी आणि दारूचं काम गावाबाहेरच्या माळावर, अशी आमची वाटणी होती. माळावर एकमेकींपासून लांब लांब शेडा होत्या, एक उडाली तर दुसरी राहावी या हिशेबानं. घरी ओसरीवर आई, चुलती आणि गल्लीतल्या चार बायका पाटावर नळ्या वळत. लाकडी फळीखाली कागद सरकताना खर्र, खर्र असा आवाज यायचा. मी त्या आवाजात झोपलो, त्याच आवाजात जेवलो आणि अजूनही घरात फार शांतता झाली की मला कुणीतरी आजारी आहे असं वाटतं. खळीच्या पातेल्यात मोरचूद घातलेलं असायचं म्हणून ती निळसर दिसायची. आम्हा पोरांची बोटंही निळी असायची, आणि आण्णांची काळी. आण्णा जेवायला बसण्याआधी राखेनं हात घासघासून धूत, तरी गंधकाचा वास जायचा नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी असं ताट पुढं सरकवताना आई म्हणायची, “तुमच्या ताटाला येगळी फोडनी नको. हातालाच हाय.”

घरात काडेपेटी एकच. ती आईच्या कमरेला, दुसऱ्या बायका किल्ल्या खोचतात तशी खोचलेली. येणाऱ्यानं आपली काडेपेटी, बिडीबंडल दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा आमचा शिरस्ता. तो तलाठ्याला लागू होता, जावयाला लागू होता, एकदा वर्दीवरच्या हवालदारालाही लागू झाला. आण्णा कुणाचं ऐकायचे नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं एका माणसासाठी हा नियम मोडला, आणि या प्रकरणातला सगळा धूर तिथूनच निघाला.

मी दहावी पास झालो त्या दिवशी आण्णांनी मला माळावर यायची बंदी केली. त्याआधी मी तिथं जायचो. दारूत काय मिसळलं की हिरवा रंग येतो, काय मिसळलं की उजेड पांढराशुभ्र पडतो, याचं मला वेड होतं. फटाक्याच्या आवाजात मला कधीच गोडी नव्हती. मला उजेड आवडायचा. पण आण्णा म्हणाले, “पेनाचा हात हाय त्यो. भाजला म्हंजी?” माझा चुलतभाऊ दत्ता माझ्याच बरोबरीचा. तो दहावीला बसला आणि बसूनच राहिला. त्याचा हात पेनाचा नाही हे बोर्डानं कळवल्यामुळं त्याला माळावर मोकळं रान मिळालं. तो संध्याकाळी चंदेरी भुकटीनं चमचमणारे दंड घेऊन घरी यायचा आणि मी ओसरीवर गाइड घेऊन बसलेला असायचो. तो मुद्दाम माझ्यासमोर हात झटकायचा. “काय बीये,” तो म्हणायचा. बी.ए. व्हायच्या कितीतरी आधीपासून मी त्याच्यासाठी बी.ए. होतो. “काय शिकवलं आज?”

“फ्रेंच राज्यक्रांती.”

“कुनी जिंकली?”

आण्णांना मात्र क्रांतीशी देणंघेणं नव्हतं, त्यांना नावापुढची दोन अक्षरं हवी होती. येडशीवरून एस.टी.नं उस्मानाबादला जायचो, तिथल्या कॉलेजात बसायचो, परत यायचो. मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र असे विषय घेतले होते, कारण त्या वर्गांत जागा होत्या. एक प्राध्यापक खरोखर चांगले शिकवायचे आणि त्यामुळं त्यांना कुणी गंभीरपणे घेत नसे. बाकीचे टिपणं सांगायचे. ती टिपणं मला ओळखीची वाटायची, कारण मागच्या पिढ्यांनी उतरून घेतलेली तीच टिपणं आमच्या ओसरीवर पोत्यातून येऊन गेलेली असत. पुष्कळ व्याख्यानं मी ऐकण्याआधीच आमच्या घरी वाजून झाली होती. असा मी पास क्लासमध्ये बी.ए. झालो. पास क्लास या श्रेणीचं वैशिष्ट्य असं की तिच्यात विद्यार्थी आणि विद्यापीठ दोघंही एकमेकांना सोडून देतात.

आण्णांनी गावभर पेढे वाटले. माझी गाइडं रद्दीत जाऊ न देता काचेच्या कपाटात ठेवली आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं. मग सगळं शांत झालं. नोकरी नव्हती, माळावर यायची बंदी होती, आणि नळ्या वळायला बसलो तर बायका खुदखुदायच्या. पारावर कुणी विचारलं, “व्यंकट काय करतुया सध्या?” की आण्णा ताठ होऊन सांगायचे, “सध्या बी.ए. हाय.” जणू काही तहसीलदार हाय. हे उत्तर पहिले काही महिने चाललं. नंतर लोक तोच प्रश्न मुद्दाम, उत्तर ऐकण्यासाठी विचारू लागले. आण्णांना ते कळत होतं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी पारावरून जायचं सोडलं आणि मागच्या बोळानं माळावर जायला लागले.

अशा वेळी साहेब आमच्या घरी आले. तालुक्यात साहेब पुष्कळ होते, पण नुसतं ‘साहेब’ म्हटलं की हेच. यांची शिक्षणसंस्था होती. शाळा होत्या, एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजला बी.ए.चे वर्ग काढायची परवानगी मिळणार अशी हवा होती. साहेबांचं स्वतःचं शिक्षण किती, हे कुणी विचारत नसे, जसं देवळात गेल्यावर कुणी देवाचं वय विचारत नाही. ते जत्रेतल्या आतषबाजीची वर्गणी की कसलं तरी निमित्त करून आले, सतरंजीवर बसले आणि त्यांनी खिशातून सिगारेट काढली. ओसरीवर नळ्यांचे ढीग वाळत होते. खर्र खर्र थांबलं. आईनं आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी कोनाड्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. साहेबांनी लायटर पेटवला. आणि माझा बाप, ज्यानं हवालदाराची काडेपेटी काढून घेतली होती, तो दोन्ही हातांत पितळी वाटी धरून साहेबांच्या गुडघ्याशी बसला, राख पडायला. आई उठली आणि पाण्यानं भरलेली घागर साहेबांच्या पाठीमागं आणून ठेवली. साहेबांना वाटलं, प्यायला आणली.

“पोरगा बी.ए. झाला म्हणे?” साहेब धूर सोडत म्हणाले. “छान. आपल्या कॉलेजात जागा निघतायत. अशी खेड्यातली होतकरू पोरंच आपल्याला पाहिजेत. लागला म्हणून समजा.”

“कवा येऊ, सायेब?”

“अहो, लागला म्हटलं ना.”

त्यानंतर आण्णा किती वेळा तालुक्याला गेले याला गणती नाही. साहेब मुंबईला असत, नाहीतर झोपलेले असत, नाहीतर आत्ताच बाहेर पडलेले असत. दुसरा कुणी असता तर त्यानं वशिला शोधला असता, उपोषणाची धमकी दिली असती. आण्णा पडले आतषबाजीवाले, त्यांना आतषबाजीवाल्याचीच युक्ती सुचली. गावच्या जत्रेत दिवेलागणीनंतर शोभेची दारू उडवायचा मान आमच्या घराचा. त्यात शेवटी आम्ही अक्षरं पेटवायचो. लाकडी चौकटीवर बांबूच्या कांब्या वाकवून अक्षरं करायची, त्यांच्यावर बारक्या नळ्या बांधायच्या आणि सगळ्या नळ्या एका वातीनं जोडायच्या. वात पेटवली की क्षणात अंधारात उजेडाचे शब्द उभे राहतात. दरवर्षी तिथं देवाचं नाव असायचं. आण्णा म्हणाले, देवाला औंदा आधी पेटवू, आणि शेवटी ‘व्यंकट बी.ए.’ उभं करू. जत्रेला साहेब मुख्य पाहुणे. समोर सगळं गाव. “एवढ्या उजेडात दिलेला शबुद कसा इसरतील?” आण्णा म्हणाले.

मी नको म्हणालो. माझं कुणी ऐकलं नाही, कारण बी.ए.ला अक्कल असते असं आमच्या घरात कुणी मानत नव्हतं. फक्त पदवी असते एवढंच.

वात घालायच्या दिवशी कांब्या घरी अंगणात होत्या म्हणून मी पाहू शकलो. आण्णांनी ‘बी.ए.’ला नवी, त्याच आठवड्यात केलेली कडक वात घातली, आणि नळ्यांत सगळ्यात पांढरा उजेड भरून आणला. नावासाठी दिवाळीतली उरलेली वात काढली. ती पोत्यात पडून सर्द झाली होती. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “अवो, नावालाबी ताजीच घाला की.”

“नावाचं काय? नाव त्याला जन्मापास्नं हाय,” आण्णा म्हणाले. “डिग्री नवी हाय.”

आयुष्यात मी शिक्षणावर बरीच भाषणं ऐकली, काही परिसंवादांना श्रोता म्हणून बसवलाही गेलो, पण आपल्या समाजाचं शैक्षणिक धोरण इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलेलं नाही.

जत्रेच्या संध्याकाळी मला नवा पांढरा सदरा घातला होता, नोकरीवर रुजू व्हायला शिवलेला. व्यासपीठाच्या मधल्या खुर्चीवर साहेब बसले होते. त्यांच्या गळ्यात इतके हार होते की खाली माणूस आहे हे चष्म्यावरून ओळखायचं. बाण उडाले, झाडं फुलली, देवाचं नाव पेटलं आणि लोकांनी हात जोडले. मग आण्णांनी खूण केली. दत्तानं मधल्या वातीला पलिता लावला. उजवीकडं ती सर्रकन धावली आणि काळोखात, पांढरंशुभ्र, डोळे दिपतील असं उभं राहिलं: ‘बी.ए.’ डावीकडं जराशी ठिणगी चालली, फुस्स झाली आणि विझली.

नुसतं बी.ए. त्याच्या आधी कुणी नाही. सगळं गाव त्या उजेडात एकमेकांची तोंडं पाहू लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, “कुनाचं हाय रं? हरवलं असंल तर घेऊन जावा!” आणि मैदान हसायला लागलं. आण्णा हात जोडून व्यासपीठाकडं पाहत उभे होते, तसेच राहिले.

मग साहेब उठले. त्यांनी माइक हातात घेतला. “बंधूंनो आणि भगिनींनो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. “आपल्या संस्थेच्या बी.ए.च्या वर्गांना परवानगी मिळाली, ही बातमी अजून मी कुणाला सांगितली नव्हती. पण या गावानं ती ओळखली. आणि कसा गौरव केला! असा सन्मान मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.” टाळ्या वाजायला लागल्या. पहिल्यांदा पुढच्या खुर्च्यांवरून, मग सवयीनं सगळीकडून.

आण्णांचं तोंड मला त्या उजेडात दिसलं. त्यांच्या पोराची पदवी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर चालली होती. मी दत्ताच्या हातातला पलिता हिसकला. तो म्हणाला, “बीये, हात भाजंल.” मी चौकटीखाली गेलो आणि पहिल्या अक्षराला खालून पलिता लावला. सर्द वात अडत, थांबत, एकेका अक्षरानं चालली. साहेब ज्ञानगंगा खेड्यापाड्यांत कशी पोहोचवली ते सांगत होते आणि त्यांच्या बोलण्यात मधूनमधून माझं एकेक अक्षर पिवळट पेटत होतं. शेवटचं अक्षर पेटलं तेव्हा ‘बी.ए.’ जळून संपलं होतं. आता नुसतं ‘व्यंकट’ उभं होतं.

“हे कोण?” साहेबांनी भाषण थांबवून विचारलं. माइक चालूच होता.

“माझा पोरगा हाय, सायेब,” आण्णा खालून म्हणाले. “बी.ए. हाय.”

“कुठंय बी.ए.?”

आण्णांनी उजवीकडं बोट दाखवलं. तिथं काळ्या कांब्या धुमसत होत्या.

गाव इतकं हसलं की साहेबांनाही हसावं लागलं. माझ्या सदऱ्याच्या बाहीला ठिणग्यांनी चाळणीसारखी भोकं पडली होती. आई घरी ती बाही हातात धरून पाहत एवढंच म्हणाली, “नावाला ताजी घाला म्हनलं हुतं.”

इथं थोडं आजचं सांगतो. मागच्याच महिन्यात त्याच साहेबांच्या कॉलेजात स्नेहसंमेलन झालं. साहेब आता नाहीत. त्यांचा पुतळा आहे आणि त्याच्या हातात पुस्तक आहे, जे साहेबांच्या हातात आम्ही कधी पाहिलं नव्हतं. प्रमुख पाहुणे होते दत्ताजीराव, म्हणजे आमचा दत्ता. त्याची फटाक्यांची दुकानं आहेत, हायवेला हॉटेल आहे, आणि तो आता कॉलेजच्या कार्यकारिणीवर आहे. त्यानं मुलांना सांगितलं, “मी दहावी नापास! आज तुमच्यासमोर उभा आहे! डिग्रीच्या कागदात काय ठेवलंय?” मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. प्राध्यापकांनीही टाळ्या वाजवल्या, कारण त्यांचा पगार कार्यकारिणीच्या सहीनं निघतो. शिक्षणाचा काही उपयोग नाही हे सांगायला आपल्याकडं कॉलेजचंच व्यासपीठ लागतं, आणि ते न शिकलेल्यांपैकी फक्त यशस्वी माणसाला मिळतं. दत्ताबरोबर दहावीला बसलेले बाकीचे नापास कुठं आहेत, ते भाषण करायला का येत नाहीत, हे कुणी विचारत नाही. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, “कसं झालं भाषन, बीये?”

“झकास. तुझ्या नातवाला आणायचं की ऐकायला.”

“त्याला कुठं आनतुस! कोट्याला क्लास लावलाय त्याला. सुट्टी देत न्हाईत.”

तर जत्रेनंतर थोड्याच दिवसांत साहेबांची जीप दारात आली. ड्रायव्हर म्हणाला, “सायबांनी बोलावलंय. पोराला घेऊन या.” आण्णांनी आईकडं असं पाहिलं की मला त्यांच्या जत्रेतल्या मूर्खपणाबद्दल बोलायची सोय राहिली नाही. आईनं शिरा केला, शेजारी पाठवला. माझ्या सदऱ्याला नवी बाही लावली. ती मूळ कापडाहून जास्त पांढरी दिसायची. पदवीचं प्रमाणपत्र चुरगळू नये म्हणून आण्णांनी स्वतः पाटावर बसून एक नळी वळली. इतकी सुबक नळी त्यांनी कुठल्या बाणासाठी वळली नसेल. कागद वापरला तोही उत्तरपत्रिकांचा. दोन्ही टोकांना बूच बसवलं आणि ती नळी त्यांनी जीपमध्ये मांडीवर आडवी धरली, तान्ह्या पोरासारखी.

साहेबांच्या बैठकीत माणसं भरली होती. मुख्याध्यापक होते, दोन प्राध्यापक होते, कंत्राटदार होते. साहेब मला पाहून खूश झाले. “हाच ना तो, अक्षरं पेटवणारा?”

“व्हय सायेब,” आण्णा म्हणाले आणि बूच काढायला लागले. “बी.ए. हाय. कागद आनलाय सोबत.”

“राहू द्या, राहू द्या. आता बघा. बी.ए.च्या वर्गांचं उद्घाटन आहे. मंत्री येणारेत. मैदानावर तसंच माझं नाव पाहिजे. हे एवढं.” साहेबांनी हात पसरले. “जत्रेत काय उजेड पडला होता! मंत्र्यांनी बघत राहिलं पाहिजे.”

आण्णांची बोटं बुचावर थांबली. “आन् सायेब, पोराचं?”

“पोराचं काय?”

“नोकरीचं. तुमी म्हनला हुता, लागला.”

साहेब मोकळं हसले. प्राध्यापकही थोडे हसले. “अहो, त्याच्या हातात कला आहे! कलेला नोकरी कशाला पाहिजे? नोकऱ्या आपल्या ह्यांच्यासारख्यांना.” आणि त्यांनी प्राध्यापकांकडं हात केला, तसे ते हसायचे थांबले.

 आण्णांनी बूच परत घट्ट बसवलं. मग अगदी कामाच्या सुरात, जसं गिऱ्हाइकाला विचारावं तसं, ते म्हणाले, “ठीक हाय, सायेब. नावाचं झालं. नावापुढं काय लिवायचं?”

“पुढं? पुढं काय?”

“डिग्री. पोराच्या नावापुढं बी.ए. हुतं. तुमच्या नावापुढं कोनती लिवू? आदी कळलं म्हंजी तेवढ्या कांब्या वाकवतो.”

मुख्याध्यापकांनी आपल्या चपलांकडं पाहायला सुरुवात केली. एका कंत्राटदाराला खोकला आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आण्णा उत्तराची वाट पाहत अदबीनं उभे होते. ते खरंच भोळेपणानं विचारत होते की कसं, हे मी त्यांना पुढं कितीदा तरी विचारलं. ते दरवेळी म्हणायचे, “इचारायला नको? कांब्या कमी पडल्या असत्या.”

“‘संस्थापक अध्यक्ष’ लिहा,” साहेब शेवटी म्हणाले.

“लई लांब हुतंय, सायेब.”

“होऊ द्या लांब!”

परत न्यायला जीप नव्हती. एस.टी. स्टँडवरच्या बाकड्यावर आम्ही बसलो. आण्णांनी शेंगा घेतल्या, अर्ध्या माझ्या हातावर ओतल्या आणि सोलायला लागले. नळी त्यांच्या काखेत होती. आईला काय सांगायचं, शेजारी गेलेल्या शिऱ्याचं काय, हे दोघांच्याही मनात होतं आणि कुणी काढत नव्हतं. गाडी लागली तसे ते उठले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, “सायेबाच्या अक्षराला वात तू घालशील का?”

“माळावर येऊ?”

“मग काय घरी बसून घालनार हाईस?” टरफलं झटकत ते पायरीवर चढले. “आन् सगळीकडं ताजी घाल. नावालाबी.”

उद्घाटनाला साहेबांचं नाव आणि त्याच्यापुढं त्यांचं ते लांबलचक बिरुद एकदम पेटलं, एक वेलांटी मागं राहिली नाही. रंग मी निवडला होता, नाव पांढरं आणि बिरुद हिरवं. मंत्र्यांनी विचारलं, ही करामत कुणाची. साहेब म्हणाले, “आपल्याच कॉलेजचा विद्यार्थी आहे.” त्या कॉलेजचा मी ना तेव्हा विद्यार्थी होतो, ना नंतर झालो, पण संस्थेच्या अहवालात माझं नाव ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ म्हणून बरीच वर्षं छापून येत होतं. माझी हरकत नव्हती. नाव तरी बरोबर छापत.

तेव्हापासून मी हेच केलं. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर, सास्तूरपर्यंत मी लोकांची नावं पेटवत फिरलो. निवडून आलेल्यांची, पडलेल्यांची, एकाच मैदानावर आधी एकाची आणि पुढच्या खेपेला त्याला पाडणाऱ्याची. हल्ली ‘डॉ.’ला फार मागणी आहे. कुठलं तरी न ऐकलेलं विद्यापीठ मानाची पदवी देतं आणि माणूस थेट माझ्याकडं येतो. म्हणतो, मामा, ‘डॉ.’ आधी पेटलं पाहिजे. मी दोन्हींकडं सारखीच वात घालतो. बी.ए.चा या धंद्यात उपयोग झाला का, असं नव्या पोरांपैकी कुणी विचारलं तर मला खरंच सांगता येत नाही. नसतो झालो बी.ए., तर माळावर दत्ताच्या आधी पोहोचलो असतो. आणि नसतो झालो बी.ए., तर चौकटीखाली पलिता घेऊन जायची वेळ आली नसती. या दोन वाक्यांतून निष्कर्ष काढायला तर्कशास्त्र लागतं, आणि तो विषय मी घेतला नव्हता, त्या वर्गात जागा नव्हती.

आण्णांनी काचेच्या कपाटातली गाइडं स्वतः काढून आईपुढं पाटाजवळ ठेवली, उद्घाटनाच्याच वर्षी, दिवाळीच्या आधी. ती छान वाजली. प्रमाणपत्र मात्र त्या नळीतून कधी बाहेर निघालं नाही, कारण ते बघायला कुणी मागितलंच नाही. ती नळी अजून फळीवर आहे, दुसऱ्या नळ्यांच्या शेजारी, आता पिवळी पडलेली. दरवर्षी हंगाम लागला की सून फळी आवरायला घेते आणि ती नळी हातात धरून विचारते, “मामा, ही भरायची राहिलीय का?”

मी सांगतो, “राहू दे. भरलेली आहे ती. अजून उडाली नाही, एवढंच.”